चांदीनं चाटलेली भिंत

मंडळी, आज सकाळी आमची शेळी गोठ्याची मातीची भिंत चाटताना दिसली आणि मी जुन्या सवयीनं ओरडलो, "आई, मिरची वाट गं!"

नव्वदच्या दशकात इथंच, कळंबला, आमच्याकडं चांदी नावाची शेळी होती. हीच भिंत चाटायची, माती खायची, वाळत घातलेलं धोतरसुद्धा चघळायची. दप्तर उंच खुंटीला टांगायचं, नायतर वही गेलीच! आई भिंतीला मिरचीचं पाणी फासायची. चांदी डोळ्यांतून पाणी गाळत चाटतच राहायची. "लई खोडील हाय," म्हणून आम्ही हसायचो.

आज लस टोचायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी मिरचीची वाटी पाहून मला थांबवलं. "अहो, खोड नाही ही. अंगात क्षार कमी पडलेत तिच्या. चाटायला क्षारांची वीट टांगा."

दुपारी मंचरहून वीट आणून टांगली. शेळी तिथून हलेचना.

आई मात्र भिंतीत चांदीनं चाटून चाटून पाडलेल्या खळग्यावर हात फिरवत उभी राहिली. म्हणाली, "मागत व्हती रं ती. आपण तिला मिरची दिली."

तुमच्या गोठ्यात होती का हो अशी कुणी खोडील?