सातव्या प्रश्नाचं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय, कुणास ठाऊक — बसा, सांगून टाकते एकदाचं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अंबरनाथला एका लहानशा प्रसूतिगृहात मी नर्स होते. आमच्या डॉक्टरबाई भारी हौशी. बाळंतिणीचं मनही तपासायला हवं म्हणाल्या, आणि सात प्रश्नांचा कागद सायक्लोस्टाइल करून आणला. झोप उडाली आहे का, उगाच रडू येतं का... आणि सातवा — जीव नकोसा होतो का? दीड महिन्याच्या लसीच्या डोसाला बाळ आणलं की आईला एकटीला बसवून विचारायचं, आणि पुढे हो किंवा नाही लिहायचं.

एकटीला बसवायला जागा कुठे होती मेली? डोसाचा वार सोमवार, आणि ही गर्दी! पोरं रडतायत, उल्हासनगरच्या सिंधी सासवा "सिस्टर, जल्दी करो ना" म्हणून डोकं खातायत. मग मी काय केलं — रविवारीच घरी बसून सगळ्या कागदांवर सात-सात वेळा "नाही" लिहून ठेवायला लागले. सोमवारी फक्त नाव घालायचं. आणि वर मला सगळे म्हणायचे, सिस्टरचं काम चोख!

मग सुमन आली. बदलापूरच्या पलीकडच्या पाड्यावरची, विशीतली. सासू बाहेर बाकावर. मी कागदावर तिचं नाव घातलं. तिला वाचता येत होतं, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. हळूच म्हणाली, "बाई, ह्या खोटा हाय. मना जगावासा वाटत नाय."

एक शब्द खोडायचा होता हो. पण खाडाखोड दिसली असती तर बाईंनी विचारलं असतं, गठ्ठा काढला असता, आणि माझं सगळंच उघडं पडलं असतं. नुसतं तोंडाने सांगितलं असतं तरी बाई धावत आल्या असत्या. तेवढंही का जमलं नाही मला? घाबरले. माझी अब्रू मोठी वाटली. "होतं गं असं सगळ्यांना," म्हटलं, आणि कागद गठ्ठ्यात ठेवला.

पुढच्या डोसाला बाळ सासूच्या कडेवर आलं. सुमनने जीव दिला होता.

बाईंनी तिचा कागद काढला. सातही ठिकाणी "नाही". "हिला तर काहीच त्रास नव्हता," म्हणाल्या — सासूच्या देखत. पाड्यावर बोलणं सुरू झालं. घरात काही नव्हतं ना, मग बाहेरचं काही असणार. मेलेल्या पोरीवर लफड्याचा आळ आला, तो माझ्या कागदामुळे. माझ्या कानावर आलं, तरी मी गप्प.

महिन्याभराने तिची आई आली, एकटीच. माझा हात धरून म्हणाली, "बाई, माझे पोरीनं तुमाला काय सांगितला व्हता का?"

मी म्हटलं, "नाही."

ती पदर सावरून निघून गेली. मी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.