टिकलीखालचा पांढरा डाग

"अक्का, पैसे मिळताहेत ना? मग करा की सही!" आमचाच वकील माझ्यावर ओरडत होता.

"अन् तोंडाला कुलूप लावू?" मी त्याच्यावर!

धुळ्याला ग्राहक आयोगाच्या बाहेर, बाकड्यावर हे चाललेलं. समोर टिकलीच्या कंपनीचा माणूस, हातात तडजोडीचा कागद. अट एकच, टिकलीबद्दल कुठं बोलायचं नाही. अहो, आमच्या देवपूरच्या बचत गटात या टिकलीचे इतके किस्से साचलेत, की तोंड दाबलं तर कानातून बाहेर पडतील!

*

पहिला डाग गटातल्या सुनंदाला. कपाळाच्या ऐन मध्यावर, टिकलीएवढा, पांढरा. तिनं काय करावं? तो झाकायला त्याच कंपनीची मोठी टिकली लावली! डाग वाढला की टिकली वाढायची.

"सुनंदे, आता काय ताटली चिकटवशील?" मी म्हटलं. ती हसली नाही. मीही नाही. माझ्या टिकलीखाली तेच होतं.

*

मी विधवा. नवरा गेला तरी टिकली सोडली नाही. डाग पाहून शेजारीण म्हणाली, "देवनी शिक्षा शे, अक्का!"

म्हटलं, "सुनंदाचा नवरा तर धडधाकट ओट्यावर बसून चहा मागतोय! तिला कशाची शिक्षा?"

*

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "टिकली कुठली?" मागच्या गोंदातलं रसायन कातडीचा रंग खातं म्हणे.

घरी येऊन पाकीट वाचलं. मी शाळेत गेले नाही, पुड्यांचे कागद वाचून अक्षरं शिकले. छापलेलं काही सोडत नाही. पाकिटावर कमळ होतं, 'अखंड सौभाग्य' होतं, किंमत होती. इशारा? एक अक्षर नाही!

*

सुनंदाच्या पोरीला, रेखाला बघायला दोंडाईच्याची मंडळी आली. पोरीच्या कपाळावरही तोच डाग पाहून मुलाची आई उठलीच. "कोड नको बाई आमच्या घरात!"

बोलता बोलता तिनं पदरानं घाम पुसला, अन् तिचीच टिकली सरकली. खाली पांढराफटक डाग!

"माझा टिकलीचा आहे," म्हणे!

स्थळ गेलं ते गेलंच. रेखा आता कपाळावर केस ओढून कॉलेजला जाते.

*

म्हणून त्या बाकड्यावर मी एवढंच मागितलं, की पाकिटावर इशारा छापा. पुढच्या पोरी तरी वाचतील.

कंपनीचा माणूस हसला. "आजी, असं छापलं तर टिकली घेणार कोण?"

"म्हणजे कळलं तर कोणी घेणार नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे! तेवढं त्या कागदावर लिहा, आत्ता सही करते."