दहा मिनिटं पुढचं हॉटेल

स्टेशनसमोरचं हॉटेल माझी आत्या चालवायची. गावात रेल्वे आली तेव्हा तिच्या सासऱ्यांनी ते बांधलं. वर सात खोल्या, खाली जेवणघर. सासरे गेले, नवरा गेला आणि सगळा पसारा तिच्या गळ्यात पडला. ती डगमगली नाही. आचाऱ्यापासून धोब्यापर्यंत सगळे तिला वचकून असत. मी तर जरा जास्तच.

हॉटेल जगायचं दुपारच्या गाडीवर. गाडी जेवणासाठी वीस मिनिटं थांबे. कुणाची गाडी चुकू नये म्हणून आत्याने भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं. नवखे उतारू त्याकडे बघत भराभर उरकत. ड्रायव्हर आणि गार्ड मात्र पक्के मुरलेले. ते मनातल्या मनात दहा वजा करून निवांत जेवत.

एके वर्षी रेल्वेच्या वरिष्ठांकडून पत्र आलं, की थांबा दोन मिनिटांवर आणायचा विचार आहे, साहेब पाहणीला येतील. दोन मिनिटांत हातसुद्धा धुऊन होत नाहीत. त्या आठवड्यात आत्याने पडदे दोनदा धुतले.

साहेब दुपारच्याच गाडीने आले. ड्रायव्हर-गार्ड अजून इंजिनापाशी होते, आत्या स्वयंपाकघरात. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं, भिंतीवरचं पाहिलं आणि स्टुलावर चढून काटे बरोबर लावले. शिस्तीचा माणूस, राहवलं नसेल. मग ते पोटभर जेवले आणि वेळेवर डब्यात जाऊन बसले. बाकीचे उतारूही बसले. गाडी काही हलेना.

पाच मिनिटांनी साहेब तणतणत परतले, तर ड्रायव्हर आणि गार्ड दुसऱ्यांदा वाढून घेत होते. ड्रायव्हरने भिंतीकडे बोट दाखवून सांगितलं, की अजून पाच मिनिटं आहेत.

गडबड ऐकून आत्या बाहेर आली. आता थांबा गेलाच, हे तिला कळून चुकलं. तिचा आवाज मात्र हलला नाही.

"साहेब, ह्यांना बोलू नका. ते घड्याळ मी दहा मिनिटं पुढे ठेवते, त्या हिशेबाने ते बसलेत. अहवालात माझं नाव लिहा."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. काटे कुणी फिरवले हे तिथल्यांपैकी एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. ते तडक गाडीकडे निघून गेले.

महिन्याभराने पत्र आलं, सोबत साहेबांच्या अहवालाची नक्कल. आत्याने ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून मनसोक्त रडली. तिला रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. अहवालात साहेबांनी लिहिलं होतं, की त्या दिवशीचा उशीर माझ्या हातून झाला. आणि तिथलं जेवण वीस मिनिटांत उरकणं अन्याय आहे, थांबा तीस मिनिटांचा करावा.