कालवं आहेत, मोठी होऊ देत

समुद्राशी माझी ओळख लहानपणापासूनची, पण ती सगळी ताटातली. मी रत्नागिरीकडचा माणूस. मासा पोहताना दिसला तरी डोक्यात आधी मसाला ठरतो. त्यामुळे शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये, खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या खडकावर, बायकोच्या हिरव्या प्रवाळाला लागूनच काहीतरी बारीक पांढुरकं उगवलं, तेव्हा मी एक नजर टाकून निकाल देऊन टाकला. "कालवं आहेत. मोठी होऊ देत."

"पप्पा, इट्स नॉट अ मेन्यू," मुलगी सोफ्यावरून म्हणाली.

ते प्रवाळ म्हणजे बायकोचा जीव. आधीची दोन गेली होती. हेही गेलं तर टँक विकून टाकायचा, असं तिनंच ठरवलं होतं. आणि थोड्याच दिवसांत त्याची एक बाजू आक्रसली. नेमकी माझ्या कालवांच्या बाजूची.

मी घाबरलो, आणि घाबरलो की मला शौर्य चढतं. बाह्या सरसावून सुरी घेऊन आलो. "सगळं खरवडून काढतो. खलास!"

"ठेवा ती सुरी. आधी आहे काय ते तरी कळू दे."

बायको दुबईत, रास अल खोरला, फळांच्या गोदामात आलेला माल तपासून घेते. पेटीवर काहीही छापलेलं असो, वरचा थर बाजूला करून खालचं फळ बघितल्याशिवाय तिची सही होत नाही. बाहेर ड्रायव्हर "यल्ला मॅडम, यल्ला" करत हॉर्न वाजवतात, ही ढिम्म. तीच बाई आता रोज संध्याकाळी, रस्त्यावरच्या जाममधून पिळून निघून घरी आल्यावर, भिंग घेऊन काचेसमोर बसू लागली. चहासुद्धा तिथंच. मी टँकवर ओणवा होऊन मार्गदर्शन करायचो.

"अहो, तुमची सावली पडली की ही आत पळतात," ती एकदम म्हणाली. "बाजूला व्हा. आता परत या."

घरात माझा इतका उपयोग पहिल्यांदाच होत होता. मी आलो, गेलो, पुन्हा आलो. बहुतेक सगळी झटक्यात गायब व्हायची. प्रवाळाला खेटलेलं एक मात्र जागचं हललं नाही. तिनं मला भिंगातून दाखवलं: पळणाऱ्यांना पिसांसारखे नाजूक तुरे होते. नळीत राहणारे किडे, बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. न हलणाऱ्याला पिसं नव्हती. गुळगुळीत तपकिरी बोटं होती, आणि त्यातली दोन प्रवाळावर टेकलेली.

"डंख मारणारं समुद्रफूल. सुरीनं खरवडलं असतं ना, तर तुकड्यातुकड्यातून नवीन उगवली असती."

मी सुरी मुकाट्यानं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

तिनं पंप बंद केला आणि मत्स्यालयाच्या दुकानातून आणलेल्या चुन्याचा घट्ट लेप सिरिंजनं बरोबर त्याच्या तोंडावर सोडला. हात जराही हलला नाही. श्वास रोखलेला माझा.

"जगेल का गं प्रवाळ?"

"इन्शाल्ला म्हणा, आणि प्रकाशातून बाजूला व्हा."

हळूहळू ती बाजू फुगली, हिरवी झाली. टँक राहिला. किडेही राहिले, भरभरून वाढले. आता मी आलो की सगळे तुरे एकदम आत जातात, आणि टँकवरची नजर न काढता मुलगी आईला कळवते, "पप्पा इज होम."