गोणपाटाचा किनारा

पुण्याला समुद्र नाही, आणि याचं पुण्याला काहीच वाटत नाही. मला मात्र वाटतं; माझं माहेर कोकणातलं, अगदी किनाऱ्यावरचं. कर्वेनगरच्या आमच्या शाळेत चौथीला समुद्री कासवांचा प्रकल्प द्यायचं ठरलं, तेव्हा मी हावरटासारखा तो मागून घेतला.

आधी कागदाच्या लगद्याची कासवं केली. एकूण एक कासवाला पंजे, पंज्यांना नखं. मुलांनी कासव पाहिलेलं ते देवळातलं, गाभाऱ्यासमोरचं दगडी. "अरे, हे पोहणार कसं? याचे हात वल्ह्यासारखे हवेत," असं म्हणत मी एक मोठं कासव स्वतः केलं आणि वर्गाच्या दाराशी वाळत ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहते तर प्रत्येक मूल त्याला हात लावून, तो हात कपाळाला लावून आत येतंय. तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर हळदकुंकू. "अहो भक्तमंडळी, हे देवासमोर बसणारं कासव नव्हे, हे समुद्रात जाणारं," मी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जाताना पुन्हा नमस्कार केला.

त्या वर्गात यवतमाळकडून आलेली एक मुलगी होती. पहिल्याच दिवशी ती "बाई, मी लिहून राहिली ना" म्हणाली आणि वर्ग खो खो हसला. गालातल्या गालात मीही हसले. त्याची मला अजून लाज वाटते. त्यानंतर तिनं वर्गात तोंड उघडलं नाही. हजेरीला नुसता हात वर करायची, आणि "हजर" तिच्या वतीनं मी म्हणायचे. तो मला माझा चांगुलपणा वाटायचा. मग एके दिवशी तिचे वडील भेटायला आले. "म्याडम, पोरगी इथं रमून नाही राहिली. दिवाळीनंतर गावी ठेवतो, तिच्या आजीजवळ." मी म्हणाले, थोडं थांबा. कशाच्या जोरावर म्हणाले, कोण जाणे.

प्रकल्पाच्या शेवटी आम्ही हॉलमध्ये किनारा केला. गोणपाटांची वाळू, घरोघरच्या निळ्या साड्यांचा समुद्र. खिडक्या लावून घेतल्या, समुद्रामागची तेवढी उघडी ठेवली, कारण पिल्लं उजेडाकडे जातात. वाऱ्यानं साड्या फुगायच्या आणि हळूच खाली बसायच्या. चार दांडगी पोरं खेकडे झाली, बाकीची पिल्लं. नियम एकच: पिल्लाला उचलून पाण्यात सोडायचं नाही. ते आपलं आपण वाळूवरून गेलं, तरच तो किनारा त्याच्या लक्षात राहतो, असं आमच्याकडे म्हणतात.

गोणपाटावर सरपटणाऱ्या पोटांची खरखर, भिंतींवर हलणारा निळा उजेड. मी जागी होते की नाही, कुणास ठाऊक. खिडकीबाहेर सोसायट्या नाहीतच, थेट क्षितिजापर्यंत पाणी आहे, असं मला खरोखर वाटत होतं. एकेक पिल्लू साडीखाली शिरून दिसेनासं होत होतं.

ती मागे राहिली. अर्ध्या वाटेवर तिचा स्कर्ट गोणपाटात अडकला होता. साड्यांखालून डोकी बाहेर आली, सगळे तिच्याकडे बघू लागले. मला ते बघवेना. मी पुढे झाले, वाकले आणि तिच्या काखेत हात घातले.

"बाई, उचलू नका ना!" ती मोठ्यानं म्हणाली. "येऊन राहिली ना मी."

मी हात काढून घेतले. कुणीही हसलं नाही. खेकडेसुद्धा बाजूला सरकले. तिनं स्कर्ट सोडवला, कोपरांवर पुढे सरकत राहिली आणि निळ्या साडीखाली गेली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला मी तिचा नंबर पुकारला. नेहमीसारखा हात वर झाला. "हजर" माझ्या जिभेवर आलंच होतं, ते मी गिळलं. हात तसाच वर.

"हजर आहे ना, बाई," ती म्हणाली, जरा वैतागूनच.

मी तिच्या नंबरापुढे हजेरी मांडली आणि पुढचा नंबर पुकारला.