रिकाम्या घराची परवानगी

दार वाहून गेलेलं असलं तरी तो उंबऱ्यापाशी थांबे, बोटाच्या पेराने चौकटीवर टकटक करी आणि विचारी, "येऊ का?" आत चिखल आणि फुगलेल्या भिंती, उत्तर कोण देणार? तरी कान देऊन उभा राही, मान डोलावी आणि मगच आत शिरे.

परवा पिस्कॅटवेला त्याच्या शोकसभेत एक विद्वान म्हणाले, "माणूस चांगला, पण लायसन्स संपल्यावरही त्याने काम केलं." मी त्यांना तिथल्या तिथे खाली बसवलं. वाचकहो, जिथे त्याने ते काम केलं त्या गावाचा बिल्डिंग इन्स्पेक्टर मी होतो; हे विद्वान तेव्हा टीव्हीसमोर होते.

दोन हजार पाचच्या वादळानंतर अमेरिकेच्या दक्षिणेला, गल्फच्या किनाऱ्यावर छपरं घालायला माणसं पुरेनात. राज्याने बाहेरच्या कंत्राटदारांना तात्पुरती लायसन्स दिली. मूळ नागपूरचा हा पठ्ठ्या दूर उत्तरेच्या पिस्कॅटवेहून ट्रक घेऊन आला.

"अरे, रिकाम्या घराला काय विचारतोस?" मी एकदा डाफरलो.

"काका, लायसन्स सरकारनं दिलं. घर सरकारचं आहे का?"

त्याचं शेवटचं काम समुद्रालगतच्या एका म्हातारीचं. तिचा नवरा जन्माचा सुतार. पुरात गेला, सापडलाच नाही. ती अंगणातल्या चाकांच्या घरात, ट्रेलरमध्ये राहून छपराची वाट पाहत होती. माल उशिरा आला, आणि लायसन्सची मुदत संपली तेव्हा समुद्राकडची बाजू उघडीच होती.

"काका, एक्स्टेंशन? एवढीच बाजू राहिली यार."

"नाही. यापुढे एक खिळा जरी ठोकलास, तर पुन्हा कुठेही लायसन्स मिळणार नाही."

त्याने लायसन्सचा बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. मग हातोडी आणि खिळ्यांचा डबा उंबऱ्यावर नीट मांडून तो आतल्या अंधाराला म्हणाला, "येतो हं. राहिलेलं तेवढं तुम्ही बघा."

"कुणाशी बोलतोस?"

"घरमालकांशी. रोज तेच तर आत बोलावतात."

"मराठीत?"

"ते इंग्लिशमध्ये, मी मराठीत. चालतं, काका."

तो हसला नाही.

निरोप द्यायला मी राज्याच्या हद्दीपलीकडे त्याच्याबरोबर गेलो. रात्री मोटेलात आम्ही एकाच खोलीत होतो. त्याचं घोरणं मी कोणत्याही कोर्टात शपथेवर सांगेन. सकाळी तो उत्तरेला गेला आणि मी परत फिरलो.

समुद्राकडची बाजू झाकलेली होती. खिळे जुन्या हाताने ठोकावेत तसे सरळ रांगेत. हातोडी उंबऱ्यावर, होती तिथेच. मूठ मात्र ओली, आणि तिला समुद्राचा काळा गाळ.

म्हातारी अंगणात उभी राहून वर पाहत होती. "उशीर करायची खोड त्याची जुनीच," ती माझ्याकडे न बघता इंग्रजीत म्हणाली. "पण काम अर्धवट कधी सोडलं नाही."

मला तपासणीसाठी आत जायचं होतं. आयुष्यभर लोकांनी माझी परवानगी मागितली. मी कुणाची मागितली नव्हती. त्या उंबऱ्यापाशी माझे पाय थांबले. मी बोटाच्या पेराने चौकटीवर टकटक केली.

"येऊ का?"

आतून उत्तर आलं. मी डोक्यावरची टोपी काढली आणि आत गेलो.