शेखरला न दिसलेले ठिपके

हिंदी मुलखातल्या शहरात, पुरानी बस्तीत राहणारा शेखर खडतकर घरी बसून कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायचा. मीनल मॅडम या आर्किटेक्ट त्याला कच्चं आखून देत, तो ते मापांसकट पक्कं करी. एकोणीस वर्षं हेच काम, आणि शेखरच्या नकाशात चूक निघत नाही असं साइटवरचे मिस्त्रीही म्हणत.

यंदा होळीच्या सुमाराला ती निघाली. जिन्याची सगळ्यात खालची पायरी मापांच्या ओळीतून गळाली होती. जिना अर्धा बांधून झाल्यावर ते ध्यानात आलं आणि बांधलेलं तोडावं लागलं. महिन्याभरात दुसरी चूक: कागदाच्या तळाच्या पट्टीत आधीच्या नकाशातल्या घरमालकाचं नाव तसंच राहून गेलं. मॅडम रागावल्या नाहीत. "शेखर भैया, तब्येत ठीक आहे ना?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"स्क्रीन जुना झाला," तो बायकोला म्हणाला. "अक्षरं फुटून राहिली. नवा घ्यावा लागते."

"अन् उंबरठा?" स्नेहल म्हणाली. "तोही स्क्रीनमुळंच दिसत नाही का तुमाले? या आठवड्यात तीनदा ठेचकाळले."

त्यानं ते हसण्यावारी नेलं.

घरात कॉम्प्युटर एकच. संध्याकाळी त्यावर त्यांची मुलगी अनुश्री खेळायची. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती, आणि तिची पाच मुलींची टीम कॉलेजांच्या गेमिंग स्पर्धेत दुसऱ्या फेरीपर्यंत पोचली होती. तिला वेगवान स्क्रीन हवा होता, ज्यावर पळतं चित्र पुसट होत नाही. शेखरला मोठा हवा होता, बारीक रेघ नीट दाखवणारा. दोन्ही गुण एकत्र असलेला त्यांच्या आवाक्याबाहेर होता.

"हे घर माझ्या कामावर चालते, खेळावर नाही," शेखर एकदा तडकला.

"मैंने कब बोला कि खेल पे चलता है?" अनुश्री म्हणाली आणि उठून गेली. दोन दिवस दोघं बोलले नाहीत. रविवारी सकाळी दुकानात मात्र बरोबरच गेले.

दुकानदार भार्गवनं दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी लावले. शेखरनं मोठ्यावर आपलाच नकाशा उघडला. रेघा सुईसारख्या दिसल्या. तरी तळाची मापं त्याला शोधावी लागली.

"अंकल, आता हा बघा," म्हणत भार्गवनं वेगवान स्क्रीनवर एक खेळ सुरू केला. कुठंही ठिपका उमटायचा, तो विझायच्या आत त्यावर क्लिक करायचं. अनुश्रीनं एकही सोडला नाही. मग तिनं खुर्ची बापाकडे सरकवली. "आप करो ना, बाबा."

दोन दिवसांनी ती बोलली म्हणून शेखर लगेच बसला. वरचे ठिपके त्यानं झटाझट टिपले. माऊसला हात सरावलेला होता.

"बाबा, नीचे!" अनुश्री हसत ओरडली.

"कुठं?"

"अरे, सामने ही तो है!"

त्यानं मान खाली घातली तेव्हा तो दिसला, आणि विझला. खेळ संपल्यावर सुटलेले ठिपके लाल होऊन पुढं आले. सगळे खालच्या पट्ट्यात. अनुश्रीचं हसू थांबलं. तिनं त्याला पुन्हा खेळायला लावलं. पुन्हा तसंच.

"भैया, हम बाद में आते हैं," ती भार्गवला म्हणाली.

बाहेर येताच शेखर चिडला. "स्क्रीन काहून नाही घेऊ दिला?"

"पहले डॉक्टर," ती म्हणाली आणि त्याचा हात धरून चालू लागली.

समता कॉलोनीतल्या डोळ्यांच्या डॉक्टर राधिकांनी त्याचं डोकं एका यंत्रात टेकवलं. आतही ठिपकेच होते. दिसला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच दिसत नव्हतं, आणि त्या अंधारात आपण किती ठिपके सोडतोय हे त्याला पहिल्यांदा उमगलं.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दोन्ही डोळ्यांची खालच्या बाजूची नजर गेलीय. हळूहळू जाते, म्हणून कळत नाही."

"चष्म्यानं येईल?"

"गेलेली येत नाही. उरलेली राखायची. थेंब रोज, कायमचे. आणि हा घराण्यात उतरू शकतो. मुलीलाही दाखवून घ्या."

"स्पर्धा के बाद," अनुश्री म्हणाली.

तीन दिवस शेखरनं एकही फाइल उघडली नाही. मॅडमना सांगितलं तर काम जाईल, नाही सांगितलं तर आणखी एखादा जिना तुटेल. चौथ्या दिवशी तो तेलीबांध्याला त्यांच्या ऑफिसात गेला आणि उभ्याउभ्याच सगळं बोलून मोकळा झाला.

"मोठी कामं आता नाही देणार," मॅडम म्हणाल्या. "घरांचे नकाशे करा. पण ते साइटवर जायच्या आधी दुसरं कोणी तपासेल. चालेल?"

"हव," शेखर म्हणाला. एकोणीस वर्षांत त्याचं काम कोणी तपासलं नव्हतं. कठड्याला धरून तो जिना उतरला.

कामाचाच स्क्रीन घेतला, पण मध्यम आकाराचा, नजरेत मावणारा. शेखर वेगवान घेऊया म्हणत होता. अनुश्रीनं ऐकलं नाही. "मैं गंधाली के घर खेल लूंगी." पुढच्याच फेरीत तिची टीम हरली. सराव कमी पडला की समोरच्या मुलीच चांगल्या होत्या, तिनं सांगितलं नाही. त्याला विचारवलं नाही. आता ती रोज त्याच्या नकाशाचा तळ तपासते. एकदा तो तिच्यावर खेकसला, "दिसते मले!" तिनं बोट ठेवलं तिथं खिडकीचं माप राहिलं होतं.

पावसाळा सरता सरता दोघं पुन्हा समता कॉलोनीत गेले. शेखरची नजर आणखी घटली नव्हती. डॉक्टरांनी तसं सांगितलं, पण त्याचं लक्षच नव्हतं. शेजारी अनुश्री यंत्राला हनुवटी टेकवून बसली होती.

"डोळ्यांचा दाब ठीक आहे, नस पण ठीक दिसतेय," डॉक्टर म्हणाल्या. "दरवर्षी दाखवत राहा."

तेव्हा कुठं शेखरनं खुर्चीचा हात सोडला.